धारेपासून डब्यापर्यंत: शेळीच्या दुधाविषयी वाचकांचे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातून शेळीच्या दुधाविषयी आलेल्या पत्रांत दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा विचारल्या आहेत. हे दूध औषधी आहे का, आणि ते टिकवायचे कसे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही जपून देत आहोत, कारण त्यावर आजारी माणसाचे आणि तान्ह्या बाळाचे बरेवाईट अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर सविस्तर दिले आहे. शेळीच्या दुधाची प्रत धार काढल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत ठरते आणि ते दोन तास पूर्णपणे पाळणाऱ्याच्या हातात असतात.

प्रश्न: घरी चार उस्मानाबादी शेळ्या आहेत. धार काढल्या काढल्या दूध चांगले लागते, पण रात्री फ्रीजमध्ये ठेवलेल्या दुधाला सकाळी बोकडाचा वास येतो. मुले तोंड लावत नाहीत. शेळीच्या दुधाला वास असतोच का?
– वाचक, मंगळवेढा

उत्तर: नाही. निरोगी शेळीचे, स्वच्छ काढलेले आणि लगेच थंड केलेले दूध गाईच्या दुधाच्या शेजारी ठेवले तर बहुतेकांना फरक कळत नाही. वास कुठून येतो हे आधी शोधा. त्याची सोपी पद्धत अशी: एकाच शेळीचे दूध दोन वाट्यांत घ्या. एका वाटीतले लगेच उकळून गार करा, दुसरे कच्चेच ठेवा, दोन्ही झाकून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी कच्च्याला वास आणि उकळलेल्याला नाही, असे झाले तर दोष हाताळणीत आहे. दोन्हींना वास आला, किंवा धार काढतानाच वास येत असेल, तर कारण गोठ्यात, चाऱ्यात किंवा कासेत आहे.

तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो. शेळीच्या दुधातल्या चरबीत कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही आम्ले गाईच्या दुधापेक्षा जास्त असतात. चरबीत बांधलेली आहेत तोवर त्यांचा त्रास नाही. दुधातच लायपेज नावाचे विकर असते, ते चरबीचे कण फोडून ही आम्ले मोकळी करते आणि तो उग्र वास सुटतो. कच्चे दूध उंचावरून ओतणे, किटली हिंदकळत नेणे, फेस होईपर्यंत ढवळणे, कोमट दूध तासन् तास ठेवणे, या सगळ्यांनी चरबीच्या कणांवरचे पातळ आवरण फाटते आणि लायपेजला वाट मिळते. म्हणून कच्चे दूध कमीत कमी हलवा आणि तासाभरात एक तर तापवा, नाही तर बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा. ६३ अंशांवर अर्धा तास तापवले की हे लायपेज निकामी होते. आटत आलेल्या शेळीच्या दुधात हा दोष लवकर दिसतो, तिचे दूध वेगळे काढा.

आता दुसरा प्रकार. बोकडाच्या शिंगांमागे वासाच्या ग्रंथी असतात. माजाच्या काळात तो वास शेळ्यांच्या केसांना, धार काढणाऱ्याच्या कपड्यांना आणि उघड्या भांड्यातल्या दुधालाही लागतो. बोकड वेगळ्या कुडात, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बांधा. धार काढण्याआधी त्याला हात लावू नका. चाऱ्याचे म्हणाल तर सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचा हंगाम सुरू झाला की कांद्याची पात आणि फुटका कांदा फुकट मिळतो आणि तो शेळ्यांपुढे पडतो. कांदा-लसणाचा वास काही तासांत दुधात उतरतो. शिवाय कांदा सतत आणि जास्त खाल्ला तर शेळीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्यायचाच झाला तर थोडा, आणि धार काढल्यानंतर द्या. धारेच्या आधीचे चार-पाच तास कडबा, तुती किंवा शेवरी असा उग्र वास नसलेला चारा द्यावा.

प्रश्न: शेळीचे दूध तापवायला ठेवले की फाटते. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. गुळाच्या चहात तर हमखास फाटते. दुधात खायचा सोडा घालावा का?
– वाचक, सांगोला

उत्तर: सोडा मुळीच घालू नका. सोड्याने आंबटपणा झाकला जातो, जंतू आहेत तिथेच राहतात. विक्रीच्या दुधात तर ती सरळ भेसळ आहे.

शेळीच्या दुधात मोकळे कॅल्शियम जास्त असते, त्यामुळे त्यातली प्रथिने उष्णतेपुढे लवकर हार मानतात. गाईचे दूध जेवढी आंबटाई सोसते तेवढी शेळीचे सोसत नाही. फाटण्याची कारणे तपासताना हा क्रम ठेवा. पहिले, सकाळच्या गार दुधात संध्याकाळचे कोमट दूध मिसळले का? दोन्ही धारा सारख्या गार झाल्यावरच एकत्र करायच्या. दुसरे, किटली कशी धुतली? आधी गार किंवा कोमट पाण्याने विसळायची, मग गरम पाणी आणि साबण, मग उकळते पाणी, आणि शेवटी उलटी करून उन्हात वाळवायची. सुरुवातीलाच उकळते पाणी ओतले तर दुधातली प्रथिने भांड्याला शिजून चिकटतात. तो थर बोटाला खरखरीत लागतो, डोळ्यांना पटकन दिसत नाही. पुढच्या प्रत्येक धारेला आंबवणारे जंतू तिथूनच मिळतात. झाकणाची रबरी वळी आणि कडीचा सांधा रोज बघा. तिसरे, नुकत्या व्यालेल्या शेळीचे दूध मिसळले का? चिकात उष्णतेने गोठणारी प्रथिने भरपूर असतात, पहिले चार-पाच दिवस ते दूध वेगळेच ठेवावे. चौथे, दगडी, म्हणजे कासदाह.

दगडी ओळखायला प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या किंवा गडद कपात काढा. गाठी, तंतू, पाणचटपणा दिसला तर ते दूध बाजूला. वरून काही न दिसणारी दगडी पकडायला अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम साधी कपडे धुण्याची पावडर विरघळवा. दोन वाट्यांत दोन सडांचे थोडे थोडे दूध वेगळे घेऊन त्यात तेवढेच द्रावण घाला आणि वाट्या हलक्या फिरवा. गाईच्या दुधात किंचित घट्टपणा आला तरी शंका घेतात. शेळीच्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात, त्यामुळे थोडे घट्ट होणे चालते. दोन सडांत ठळक फरक दिसला, एकीकडे पातळ आणि दुसरीकडे लापशीसारखे झाले, तर डॉक्टरांना दाखवा. दूध चवीला खारट लागणे हीसुद्धा दगडीची किंवा दूध आटत आल्याची खूण आहे.

संकलन केंद्रावर ६८ टक्के अल्कोहोलची चाचणी लावून शेळीचे दूध नाकारतात, अशीही तक्रार आपल्या पत्रात आहे. ती चाचणी गाईच्या दुधासाठी बसवलेली आहे. शेळीचे ताजे, चांगले दूधही तिच्यात फाटते. त्याऐवजी परीक्षानळीत ५ मिली दूध घेऊन उकळत्या पाण्यात पाच मिनिटे धरावे. गाठी झाल्या नाहीत तर दूध तापवण्याजोगे आहे. ही मागणी केंद्रावर जरूर करा.

गुळाच्या चहासाठी: गूळ पाण्यात आधी पूर्ण उकळून घ्या, गॅस बंद करा, मिनिटभराने वेगळे तापवलेले दूध घाला. नंतर पुन्हा उकळी आणू नका.

प्रश्न: डेंग्यूची साथ आली की आमच्या भागात शेळीच्या दुधाला वाटेल तो भाव मिळतो. कच्चे दूध प्यायल्याने प्लेटलेट वाढतात म्हणतात. यात तथ्य किती? आणि मग या दुधाचे खरे फायदे कोणते?
– वाचक, सोलापूर शहर

उत्तर: शेळीच्या दुधाने डेंग्यूत प्लेटलेट वाढतात हे सिद्ध झालेले नाही. डेंग्यूत साधारण आठवडाभराने प्लेटलेट बहुधा आपोआप सावरतात आणि नेमक्या त्याच दिवसांत घरचे लोक दूध देत असतात, म्हणून श्रेय दुधाला जाते. रुग्णाला खरी गरज असते ती द्रवपदार्थांची, जलसंजीवनीची, डॉक्टरांच्या देखरेखीची आणि तापासाठी फक्त पॅरासिटामॉलची. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्या गोळ्या टाळाव्यात. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यांपैकी काहीही दिसले तर दुधाच्या शोधात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. अशक्त रुग्णाला कच्चे दूध पाजणे तर धोक्याचेच, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. उकळलेले दूध आवडत असेल आणि पचत असेल तर आहार म्हणून खुशाल द्यावे.

फायदे आहेत, आणि ते चांगले आहेत. १०० ग्रॅम दुधात साधारण साडेतीन ग्रॅम प्रथिने, ४ ग्रॅम चरबी, १३० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि २०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. चरबीचे कण बारीक असतात. अल्फा-एस-१ केसिन हे प्रथिन सहसा गाईच्या दुधापेक्षा कमी असते, त्यामुळे पोटात दुधाचा साका मऊ आणि सैल होतो. आयुर्वेदानेही हे दूध हलके मानले आहे. उणेही सांगितले पाहिजे: फॉलेट आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे यात गाईच्या दुधापेक्षा बरीच कमी असतात. दुग्धशर्करा थोडीच कमी असते, त्यामुळे ज्यांना दूध पिऊन पोट फुगण्याचा त्रास आहे त्यांना शेळीच्या दुधाने पूर्ण आराम पडेलच असे नाही. त्यांनी त्याचे दही खाऊन पाहावे.

प्रश्न: सुनेला दूध कमी येते. नात चार महिन्यांची आहे. शेजारच्या बायका शेळीचे दूध पाणी घालून द्या म्हणतात. द्यावे का?
– एक आजी, बार्शी

उत्तर: आजी, देऊ नका. सहा महिन्यांपर्यंत आईचेच दूध. ते खरोखर कमी पडत असेल तर बालरोगतज्ज्ञ सांगतील तेच पर्यायी दूध, त्यांनी सांगितलेल्या मापाने. शेळीच्या दुधात फॉलेट नावालाच असते, त्यावरच वाढवलेल्या बाळांना रक्तक्षय होतो. प्रथिने आणि क्षार इतके असतात की तान्ह्याच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. पाणी घातले तर तो ताण कमी होतो, पण उष्मांकही घटतात आणि पाण्यातून जुलाब लागण्याची भीती वाढते. सुनेला बाळ वारंवार, दिवसातून आठ ते बारा वेळा छातीशी घ्यायला सांगा आणि बाळाची पकड नीट आहे का ते दवाखान्यातल्या नर्सताईंकडून बघून घ्या. दूध कमी येण्याची बरीच प्रकरणे तिथेच सुटतात. वर्ष पूर्ण झाल्यावर उकळलेले शेळीचे दूध डाळी, पालेभाज्या, फळांच्या जोडीने द्यायला हरकत नाही.

एक महत्त्वाचे: बाळाला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर शेळीचे दूध हा पर्याय नव्हे. दोन्हींतली प्रथिने इतकी सारखी आहेत की अशा दहापैकी नऊ बाळांना शेळीच्या दुधाचीही अ‍ॅलर्जी येते.

प्रश्न: उन्हाळ्यात आमच्याकडे ४२-४३ अंशांपर्यंत पारा जातो. मोठा फ्रीज नाही, वीज जाते. रोज आठ-दहा लिटर दूध जमते. कसे टिकवावे?
– वाचक, करमाळा

उत्तर: धार शक्यतो पहाटे आणि सूर्य कलल्यावर, सावलीत काढा. सड धुऊन कोरडे पुसा. प्रत्येक शेळीला वेगळे कोरडे फडके किंवा कागद वापरा. एकच ओले फडके सगळ्या कासांना फिरवणे म्हणजे दगडी वाटत जाणे. भांडे स्टीलचे घ्या. तांबे-पितळेच्या आणि गंजक्या भांड्यात चरबीचे ऑक्सिडीकरण होऊन दुधाला पुठ्ठ्यासारखी चव येते. गाळण्यासाठी चौपदरी मलमल वापरा आणि ती रोज उकळून उन्हात वाळवा.

गार करणे दोन टप्प्यांत करा, म्हणजे बर्फ कमी लागतो. धार संपताच कॅन बोअरच्या पाण्याच्या टाकीत किंवा टबात उभा करा. बाहेरचे पाणी आतल्या दुधाच्या पातळीपेक्षा वर असले पाहिजे. पाणी दोनदा बदलले की वीस-पंचवीस मिनिटांत दूध पाण्याच्या आसपास येते. मग टबात बर्फ घाला. १० लिटर दूध ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणायला हिशेबाने साडेतीन किलो बर्फ पुरतो. आपल्याकडच्या उन्हात बराचसा बर्फ हवेलाच गार करण्यात जातो, म्हणून थेट बर्फात ठेवणार असाल तर पाच ते सहा किलो धरा. टबाला बाहेरून ओले गोणपाट गुंडाळले तर बर्फ बराच वाचतो. कारखान्याचा बर्फ पिण्याचा नसतो, तो दुधात कधीच टाकू नका. स्वच्छ धुतलेल्या स्टीलच्या डावाने दूध दर पाच मिनिटांनी सावकाश, फेस न होऊ देता तळापासून वर फिरवा. मधले दूध सगळ्यात शेवटी गार होते.

पाच लिटरचा कोमट कॅन तसाच फ्रीजमध्ये ठेवण्याची चूक सर्रास होते. घरगुती फ्रीजला तो गार करायला कित्येक तास लागतात. तोवर मध्यभागी जंतू वाढतात आणि फ्रीजमधल्या बाकीच्या वस्तूही कोमटतात. आधी पाण्यात गार करा, मग एक-एक लिटरच्या भांड्यांत वाटून फ्रीजमध्ये ठेवा.

४ अंशांवरचे कच्चे दूध २४ तासांच्या आत तापवून मोकळे व्हा. उकळून झाकलेले दोन-तीन दिवस राहते.

गोठवण्याचीही सोय आहे, आणि शेळीचे दूध गोठवायला फार चांगले. चरबीचे कण बारीक असल्यामुळे वितळल्यावर चरबी वेगळी तरंगत नाही. आधी पाश्चराइज करा, म्हणजे ६३ अंशांवर अर्धा तास तापवून लगेच गार करा (पद्धत पुढच्या उत्तरात), मग अर्धा-अर्धा लिटरच्या खाद्यप्रतीच्या पिशव्या भरा. गोठताना दूध फुगते, म्हणून पिशवीत दहावा भाग मोकळा सोडा. पिशव्या एकमेकींवर न रचता पसरून आडव्या ठेवा. चपटी पिशवी लवकर गोठते, आणि जितके लवकर गोठेल तितका वितळल्यावर रवाळपणा कमी. डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर तीन महिने ठेवता येते. एका दाराच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात तेवढी थंडी नसते, तिथे दोन-तीन आठवड्यांत संपवा. वितळवायचे ते रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. वीज जाऊन वितळलेली पिशवी पुन्हा गोठवू नका, तिचे पनीर करा.

प्रश्न: आमच्या बचत गटाकडे मिळून वीस शेळ्या आहेत. बाटलीबंद दूध सोलापूर आणि पुण्यात विकायचे आहे. पाश्चरायझेशन घरगुती साहित्यात जमेल का?
– महिला बचत गट, मोहोळ

उत्तर: ताई, आधी दुधाचा हिशेब मांडा. उस्मानाबादी ही मुख्यतः मांसासाठीची, जुळी करडे देणारी जात आहे. दिवसाला अर्धा ते दीड लिटर दूध, तेही साधारण चार महिने. वीसपैकी एका वेळी बारा दुभत्या धरल्या आणि करडांचा वाटा सोडून शेळीमागे अर्धा लिटर मिळाले, तर हाती सहा लिटर येतात. करडांच्या तोंडचे काढून विकलेले दूध महाग पडते, कारण करडाचे वजन घटते. सहा लिटरवर बारमाही ग्राहक बांधायचे असतील तर शेळ्या तीन गटांत वेगवेगळ्या महिन्यांत गाभण जातील असे बघा.

साहित्य: झाकणाचे पाच-सहा लिटरचे स्टीलचे भांडे, ते आत बसेल असे मोठे पातेले, तळाला जाळी, आणि शून्य ते ११० अंशांचा चांगला थर्मामीटर. थर्मामीटर आधी तपासा. चुरलेल्या बर्फाच्या पाण्यात तो शून्य दाखवेल. उकळत्या पाण्यात मात्र १०० ची अपेक्षा ठेवू नका. आपला जिल्हा समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, इथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांना उकळते. तो आकडा आला म्हणजे यंत्र बरोबर.

बाहेरच्या पातेल्यात पाणी तापवून त्यात दुधाचे भांडे ठेवा. दूध ६३ अंशांना पोचले की तिथून घड्याळ लावा आणि ३० मिनिटे ६३ ते ६५ मध्ये ठेवा. अधूनमधून ढवळा. वरचा फेस दुधापेक्षा गार असतो आणि त्यात जंतू जगतात, म्हणून फेस होऊ देऊ नका आणि झाकण ठेवा. ६३ च्या खाली आले तर वेळ पहिल्यापासून मोजा. अर्धा तास झाल्यावर भांडे लगेच वाहत्या पाण्यात आणि मग बर्फात ठेवून ५ अंशांपर्यंत आणा. सावकाश गार होऊ दिले तर तापवण्याचा निम्मा उपयोग वाया जातो, कारण उष्णतेतून वाचलेले थोडे जंतू कोमटपणात पुन्हा वाढतात. काचेच्या बाटल्या १५ मिनिटे उकळून, निथळून, गार करून भरा. ४ अंशांवर हे दूध चार-पाच दिवस चांगले राहते. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर आहे, तिथे पाठवायचे तर गोठवलेल्या पिशव्या थर्माकोलच्या डब्यात घट्ट रचून रात्रीच्या गाडीने पाठवा.

विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी फॉस्कॉस या संकेतस्थळावर करावी लागते. लेबलवर पाश्चराइज्ड शेळीचे दूध, तारीख, बॅच क्रमांक, नोंदणी क्रमांक हवा. डेंग्यू, क्षय किंवा मधुमेह बरा होतो असे छापू नका. कायद्याने ते चालत नाही आणि कुणी त्या भरवशावर औषध थांबवले तर त्याची भरपाई कशानेही होत नाही.

प्रश्न: शेळीच्या दुधाचे दही ताकासारखे पातळ लागते. विरजण वाढवूनही उपयोग नाही.
– वाचक, पंढरपूर

उत्तर: विरजण वाढवल्याने दही फक्त लवकर आंबट होते. पातळपणा अल्फा-एस-१ केसिन कमी असल्यामुळे येतो. घट्टपणा दुसरीकडून आणावा लागतो. एक लिटर दूध ८५ ते ९० अंशांवर, म्हणजे उकळीच्या जरा खाली, २० मिनिटे ठेवा आणि सतत ढवळा. यात निवळीतली प्रथिने केसिनला चिकटतात आणि जाळे घट्ट होते. दूध पाचवा भाग आटवा, किंवा आटवायचे नसेल तर लिटरला ३० ते ४० ग्रॅम स्निग्धांशविरहित दूध पावडर कोमट दुधात गुठळ्या न होता मिसळून मग तापवा. ४२ अंशांवर आणून २० ग्रॅम ताजे, गोड विरजण घाला. मातीच्या भांड्यात लावा, ते जास्तीचे पाणी शोषते. पाच-सहा तास अजिबात हलवू नका. लागल्या लागल्या फ्रीजमध्ये ठेवा, चार तासांनी ते आणखी धरते. तरीही वाडग्यात डाव घातला की कडेला पाणी सुटेल, तो दोष नव्हे. श्रीखंडासाठी चक्का टांगायचा तर सात-आठ तास टांगा. चक्का मऊसर आणि पांढराशुभ्र होतो.

दही मुळीच लागत नसेल, दूध तसेच्या तसे राहत असेल, तर शेळीला नुकते प्रतिजैविकाचे इंजेक्शन किंवा सडात ट्यूब दिली होती का ते आठवा. औषधाचा अंश दुधात उतरला की विरजणातले जीवाणू मरतात. औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वापरू नये ते लिहिलेले असते. डॉक्टरांना विचारून तेवढे दिवस दूध टाकून द्या. जंताच्या औषधालाही हेच लागू.

प्रश्न: पनीर भुसभुशीत होते, तुकडे पडत नाहीत.
– वाचक, माढा

उत्तर: बहुधा उकळत्या दुधात लिंबू पिळत असाल. एक लिटर दूध ९० अंशांपर्यंत नेऊन ५ मिनिटे ठेवा, गॅस बंद करा आणि ७५ पर्यंत उतरू द्या. २ ग्रॅम सायट्रिक आम्ल २०० मिली पाण्यात विरघळवून ते पाणीही ७० अंशांपर्यंत तापवा. बारीक धारेने घाला, डाव अगदी हळू फिरवा. निवळी पोपटी आणि स्वच्छ दिसली की थांबा, उरलेले आम्ल घालू नका. जास्त आम्लाने पनीर आंबट आणि रवाळ होते. निवळी दुधाळ राहिली तर थोडे आणखी घाला. पाच मिनिटे तसेच राहू द्या, मग मलमलीत गाळा. गाईच्या पनीरला चालते ते वजन शेळीच्या पनीरला जास्त होते, ते मऊ असल्यामुळे फडक्यातून निसटते. लिटरभर दुधाच्या पनीरवर पहिली दहा मिनिटे अर्धा किलो, मग वीस मिनिटे दीड किलो ठेवा. नंतर फडक्यासकट बर्फाच्या पाण्यात दोन तास बुडवा आणि मगच कापा. तुकडे पडतात ते या थंडाव्यामुळे. लिटरला १२५ ते १५० ग्रॅम पनीर मिळते. उरलेल्या निवळीत भाकरीचे पीठ मळा. मालदांडी ज्वारीच्या भाकरीला हलका आंबूसपणा छान लागतो.

निम्मे म्हशीचे दूध घातले तर पनीर टणक होते. विकताना मिश्र दुधाचे म्हणूनच विका.

प्रश्न: साय धरत नाही, मग तूप कसे करावे?
– वाचक, अक्कलकोट

उत्तर: शेळीच्या दुधात चरबीचे कण एकमेकांना चिकटवणारे प्रथिन नसते, म्हणून साय विरळ येते. सायीवर थांबू नका, क्रीम सेपरेटर वापरा. ४ टक्के चरबी धरली तर किलोभर तुपाला २८ ते ३० लिटर दूध लागते. तूप पांढरे होते, कारण शेळी कॅरोटीनचे अ जीवनसत्त्वात रूपांतर करून टाकते. पिवळेधमक शेळीचे तूप कुणी विकत असेल तर चौकशी करा. एवढ्या दुधाचे पनीर केले तर सहसा पैसे जास्त येतात.

प्रश्न: तीन शेळ्या चौथ्या महिन्यात गाभडल्या. घरात कच्चे दूध पितात. दोघांना ताप येतो-जातो, सांधे दुखतात.
– वाचक, दक्षिण सोलापूर

उत्तर: आजपासून कच्चे दूध बंद करा आणि दोघांना दवाखान्यात न्या. डॉक्टरांना शेळ्या गाभडल्याचे आवर्जून सांगा. ही लक्षणे ब्रुसेलोसिसची असू शकतात. या आजारात ताप येतो, घाम फुटतो, उतरतो, पुन्हा येतो, आणि साध्या तापाच्या गोळ्यांवर महिने जातात. रक्ततपासणीत निदान होते. उपचार किमान सहा आठवड्यांचे असतात, मधेच सोडले तर आजार उलटतो.

पशुवैद्यकीय दवाखान्यातून सगळ्या शेळ्यांचे आणि बोकडाचे रक्त तपासून घ्या. गाई-म्हशींसाठी वापरतात ती दुधाची रिंग चाचणी शेळीच्या दुधावर भरवशाची नाही, रक्तच द्या. गर्भ आणि वार हातमोजे घालून उचला, चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. घरातल्या गरोदर बाईने त्या कुडात जाऊ नये. तपासणी होईपर्यंत या शेळ्या बाजारात नेऊ नका, नाही तर आजार दुसऱ्याच्या दावणीला जाईल. ६३ अंशांवर अर्धा तास किंवा एक चांगली उकळी, एवढ्याने दुधातले हे जंतू मरतात.

प्रश्न: शेळीचा चीक काढून खरवस करतात. करडांना कमी पडत नाही का?
– वाचक, माळशिरस

उत्तर: पडतो, म्हणून आधी करडू. जन्मल्यापासून तास-दोन तासांत पहिला चीक आणि २४ तासांत वजनाच्या दहाव्या भागाइतका. अडीच किलोच्या करडाला पाव लिटर, जुळी असतील तर अर्धा लिटर. रोगप्रतिकारशक्ती त्याला याच दिवसात मिळते, नंतर आतडे ती शोषून घेत नाही. पोटे भरून उरले तर खरवस करा, वाफेवर पूर्ण शिजवून.

प्रश्न: शेळीच्या दुधाचा साबण करताना मिश्रण तपकिरी होते आणि अमोनियासारखा वास येतो.
– वाचक, उत्तर सोलापूर

उत्तर: कॉस्टिक सोड्याच्या उष्णतेने दुधातली साखर करपते. दूध बर्फाच्या खड्यांसारखे गोठवून घ्या. एक किलो तेलासाठी प्रमाण असे: खोबरेल ५०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ४०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम, शुद्ध सोडियम हायड्रॉक्साइड (म्हणजेच कॉस्टिक सोडा) १४६ ग्रॅम, गोठवलेले दूध ३०० ग्रॅम. यात साधारण ८ टक्के तेल मोकळे राहते, त्यामुळे साबण कातडीला रुक्ष वाटत नाही. सगळे वजनाने मोजा, मापाने नको. दुधाचे खडे स्टीलच्या भांड्यात, ते भांडे बर्फाच्या पाण्यात, आणि सोडा चमच्याचमच्याने दहा-पंधरा मिनिटांत. तापमान ३० च्या वर जाऊ देऊ नका. नेहमी दुधात सोडा घालायचा, सोड्यात दूध कधीच नाही. चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी हवी. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे वापरू नका, सोडा ते खातो. द्रावण गाळून ३५ अंशांच्या तेलात ओता, खिरीसारखे घट्ट होईपर्यंत घुसळा, साच्यात भरा आणि गुंडाळून न ठेवता थंड जागी ठेवा. गुंडाळले तर आतून तापून पुन्हा तपकिरी होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कापून चार ते सहा आठवडे सावलीत हवेवर वाळवा. सुरुवातीचा अमोनियाचा वास पहिल्या काही दिवसांत उडून जातो. विकायचा असेल तर साबण सौंदर्यप्रसाधनात मोडतो, त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो.